विषय: गाद्या फाडणाऱ्या कुत्र्यासाठी टिकाऊ बिछाना

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाशी काडीचा संबंध नसलेला प्रश्न आहे, चालवून घ्या. आमचा टिप्या दीड वर्षाचा. नवी गादी आणली की आधी कोपरा धरतो, मग खोलीभर कापूस. दुकानात प्रत्येक गादीवर ‘टिकाऊ’ छापलेलंच असतं. एकीवर ‘१६८० डेनियर नायलॉन’ लिहिलंय आणि ती बरीच महाग आहे. त्या आकड्याला काही अर्थ आहे का? की जुनी चादर टाकून मोकळं व्हावं?

– टिप्याची आई

---

टिप्याच्या आई,

डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड आहे, एवढंच त्यावरून कळतं. वीण किती घट्ट, कापडाला लेप आहे का, शिवण दुहेरी आहे का, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. शिवाय ताणून बसवलेल्या सपाट कापडाच्या मधोमध कुत्र्याला दात रोवता येत नाहीत. त्याला तोंडात धरायला कड लागते: पाइपिंग, चेनचं टोक, शिवलेलं लेबल, फुगीर कोपरा. टिप्या कोपरा धरतो हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा जाड कापडाची गादी आणलीत तरी कोपरे चारच राहणार!

माझं ऐकाल तर गादी नको, खाट घ्या. धातूची चौकट आणि वर ताणलेलं कापड, आपल्या बाजेसारखी. फक्त कापडाची कड चौकटीच्या खाचेत आत गेलेली हवी. काहींत ती पट्ट्यांनी बाहेरून बांधलेली असते, टिप्या तिथूनच श्रीगणेशा करेल. प्लास्टिकच्या नळ्यांची चौकटही नको, तीही कुरतडली जाते. वरचं कापड सुटं मिळतं का ते विचारून ठेवा. आणि हमीची बारीक अक्षरं वाचा. बदलून देणारे कित्येकदा एकदाच देतात.

माप घेताना तो पाय ताणून झोपलेला असू दे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि वर वीतभर जास्त धरा.

– शेरूचे बाबा

---

शेरूचे बाबा, खाट तरण्या कुत्र्याला ठीक. आमची राणी म्हातारी आहे, सांधे दुखतात, तिला जाड फोमच लागतो. पण ती चावत नाही, त्यामुळे आमचा अनुभव टिप्याच्या कामाचा नाही. गप्प बसते.

– राणीची मावशी

---

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून मध्ये बोलते. गादी गेली तर गेली, पण आतला कापूस आणि फोम पोटात जाता कामा नये. मोठा तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं. सारख्या उलट्या, खाणं बंद, कुंथूनही शी होत नाही, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. लांब धागे आणखी वाईट. धाग्याचं एक टोक अडकलं की आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि चिरूही शकतं. शेपटीखाली धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच दवाखान्यात आणायचा.

म्हणून ताई, तुमच्या चादरीलाही माझा अर्धाच होकार. तुम्ही समोर असाल तेव्हा चालेल. सुटे धागे आधी कापा.

आणखी एक. दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जातात, त्यामुळे दीड वर्षाच्या कुत्र्याच्या बाबतीत दात शिवशिवण्याचं कारण उरत नाही. तो नेमका कधी फाडतो? तुमच्यासमोर, की घरात कोणी नसताना?

---

बहुतेक आम्ही बाहेर असतानाच. आणि आता विचारलंत म्हणून, दारही खालून ओरबाडलेलं आहे.

– टिप्याची आई

---

मग ताई, खाट घ्याच, पण तेवढ्याने भागणार नाही. दार आणि गादी दोन्ही असतील तर एकटं राहण्याची भीती असू शकते. मोबाइल लावून ठेवा आणि तुम्ही बाहेर पडल्यावरची पहिला अर्धा-पाऊण तास तो काय करतो ते बघा. निवांत लोळून मग चावत असेल तर कंटाळा. चावायला रबरी खेळणं द्या, निघण्याआधी दमवून आणा. धापा टाकत, रडत दाराशी येरझारा घालत असेल तर तो व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा. ओरडू नका त्याच्यावर, भीती वाढते.

---

आज संध्याकाळीच लावते मोबाइल. शेरूचे बाबा, तुमच्या खाटेची चौकट जवळून बघायला आले तर चालेल का? टिप्याला घरी ठेवूनच येईन, म्हणजे दोन्ही कामं होतील.

– टिप्याची आई