मदत हवी आहे : गोळ्या चालू असूनही कॅल्शियम स्कोअर वाढला

गोदाकाठ : वडिलांच्या हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये पूर्वी १४२ असलेला कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा) आता २१८ आला आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. आकडा वाढला म्हणजे झटक्याचा धोकाही तेवढाच वाढला का? दरवर्षी स्कॅन करून पुढचा अंदाज बांधता येतो का? कृपया लवकर सांगावे.

खडीसाखर : दोन स्कॅनमध्ये किती काळ गेला? कोणत्या गोळ्या? स्टेंट बसवला असल्यास त्या जागी हा स्कोअर भरवशाचा नसतो, कारण धातूही कॅल्शियमसारखाच पांढरा दिसतो.

गोदाकाठ : तीन वर्षे. स्टेंट नाही. गोळ्या म्हणजे अर्थातच कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन.

इतिश्री : आम्ही सासऱ्यांची दरवर्षी स्ट्रेस थॅलियम (ताण दिल्यावर हृदयाला रक्त नीट पोहोचते का हे पाहणारी तपासणी) करून घेतो. काहीही त्रास नसताना त्यातच दोष सापडला होता. तुम्हीही तेच करावे.

खडीसाखर : एका सासऱ्यांवरून नियम ठरत नाही. दक्षिण कोरियातील पोस्ट-पीसीआय चाचणीत अँजिओप्लास्टी झालेल्या १,७०६ जोखमीच्या रुग्णांपैकी ज्यांची वर्षभराने ठरवून तपासणी केली, त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू, झटका किंवा अस्थिर अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून अचानक वाढणाऱ्या छातीच्या दुखण्यासाठी) भरती यांचे प्रमाण ५.५ टक्के होते आणि इतरांत ६ टक्के. हा फरक ग्राह्य धरण्याजोगा नव्हता.

इतिश्री : ती चाचणी अँजिओप्लास्टी झालेल्यांची होती, यांच्या वडिलांना तर स्टेंटच नाही!

मावळसर : भरती न होता केलेल्या स्कॅनचे पैसे मेडिक्लेममधून मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.

तिसराकोन : मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. १९९० पासून रूढ असलेल्या अ‍ॅगॅटस्टन पद्धतीत कॅल्शियमच्या क्षेत्रफळाला घनतेच्या श्रेणीने गुणतात. स्टॅटिनमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतला मऊ, फुटण्याची भीती असलेला थर कठीण होत जातो, त्यामुळे थर स्थिरावत असतानाही आकडा चढू शकतो. पुन्हा पुन्हा सीटी करून पाहणाऱ्या पॅराडाइम अभ्यासातही स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये एकूण थर सावकाश वाढला, मात्र त्यातला कॅल्शियमचा भाग अधिक वाढला. म्हणून स्टॅटिन चालू असताना हा आकडा दरवर्षी मोजून फारसे हाती लागत नाही. मऊ थर पाहायचा तर सीटी अँजिओग्राफी लागते, पण तिच्यात शिरेतून द्यावे लागणारे औषध मूत्रपिंडे कमजोर असल्यास जपून द्यावे लागते. वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे, आणि त्यांना काही त्रास होतो का?

गोदाकाठ : क्रिएटिनिन १.६. त्रास काही नाही, फक्त महिनाभरापासून एक जिना चढला तरी छाती भरून येते आणि थांबावे लागते, पण ते वयामुळे असावे.

तिसराकोन : स्कोअर राहू द्या, जिना चढताना छाती भरून येणे हे हृदयाचे लक्षण असू शकते. पुढच्या आठवड्याची वाट न पाहता आजच डॉक्टरांना फोन करून हे सांगा, आणि बसल्या जागी दुखू लागले तर थेट रुग्णालय गाठा. क्रिएटिनिन वाढलेले असल्यामुळे कोणती तपासणी करायची हे त्यांनाच ठरवू द्यावे.