कुत्रीने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. आता ती शांत आहे, तरी दवाखान्यात न्यावे का?

प्रश्न (चोपडा तालुका)
आमच्या ठमीने (वजन १२ किलो) आज सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या गरोदर सुनेच्या लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या खाल्ल्या. मोजल्यावर १४ गोळ्या कमी भरल्या. ओट्याखाली चावलेली पट्टी आणि तांबूस लाळ तेवढी सापडली. तिला दोनदा उलटी झाली आणि दुसरीत रक्ताचे धागे होते. दुपारपासून मात्र ती निवांत पडून आहे. शेजारी मीठपाणी पाजा म्हणतात, कोणी कोळशाची पूड सुचवतात. काय करावे?

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
आत्ताच निघा, आणि पट्टी सोबत घ्या. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे १४ गोळ्यांचे ८४० मिलिग्रॅम, किलोमागे ७० झाले; २० पर्यंत सहसा निभावते, परंतु ६० च्या पुढे जिवाला धोका असतो. आताच्या शांतपणावर कृपया विसंबू नका, कारण लोह आधी जठराचे अस्तर जाळते, मग साधारण सहा ते चोवीस तास जनावर सावरल्यासारखे दिसते आणि त्याच काळात ते यकृतात भिनत असते. कोळसा लोहाला धरून ठेवत नाही. मीठपाण्याने रक्तातले सोडियम वाढून वेगळीच विषबाधा होते, आणि इतक्या तासांनंतर, रक्त पडत असताना, घरी उलटी करवणे घातकच. गोळ्या पोटात शिल्लक असतील तर बहुधा एक्स-रेमध्ये दिसतात. सलाइन लावून रक्तातील लोह तपासण्याची विनंती करा. थॅलेसेमियाच्या रुग्णांना देतात ते डेफेरॉक्सामिन हे इंजेक्शन लागू शकते. वाटेतूनच फोन करून त्याची चौकशी करायला सांगा.

उत्तर (रावेर)
आमचा मोती असाच दुपारी शेपूट हलवू लागला, म्हणून आम्ही सकाळची वाट पाहिली. पहाटे त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि तो गेला. वाहन नसेल तर १९६२ वर फोन करा, पण थांबू नका.

प्रश्नकर्ता, तिसऱ्या दिवशी
आम्ही त्याच संध्याकाळी जळगावला पोहोचलो. एक्स-रेमध्ये चार गोळ्यांचा गठ्ठा दिसला. तो पोट धुऊन काढला. इंजेक्शन मानवी औषधांच्या दुकानात मिळाले. त्यानंतर तिची लघवी विटकरी रंगाची झाली, तेव्हा आम्ही घाबरलो, परंतु लोह बाहेर पडत असल्याची ती खूण असल्याचे डॉक्टरांनी समजावले. आज तिने भाताची पेज घेतली. जठराच्या जखमा भरताना वाट आक्रसू शकते, म्हणून पुढील दीड महिना उलटीवर लक्ष ठेवायचे आहे. गोळ्या आता पत्र्याच्या डब्यात, फडताळाच्या वरच्या खणात ठेवल्या आहेत.