महाप्रसादातून विषबाधा: टोप आधी धुवायचे की आरोग्य केंद्राला आधी कळवायचं?

सड्यावरचा:
शेजारच्या वाडीत (जिल्हा सिंधुदुर्ग, गावाचं नाव मुद्दाम देत नाही) समाराधनेनंतर बऱ्याच जणांना उलट्या-जुलाब झाले. पंगतीला भात, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. संध्याकाळपासून घराघरात माणसं आडवी. पण गावाची बदनामी नको म्हणून उपकेंद्राला कळवलं रात्री उशिरा. सकाळी पथक आलं तेव्हा टोप घासून पालथे घातलेले, उरलेलं अन्न माडाच्या आळ्यात. मग विहिरीचं पाणी तपासायला नेलं, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर) टाकली आणि विषय संपला. कशानं झालं ते कोणालाच कळलं नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तेच पुन्हा होऊ शकतं.

माझी मागणी साधी आहे. पंगत बसायच्या आधी प्रत्येक पदार्थाचा एक स्वच्छ डबा भरून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावा. आणि दोन घरांतून उलट्यांची बातमी आली की त्याच क्षणी फोन करावा. देवस्थान समितीनं तसा ठराव घ्यावा.

बारापाच_मानकरी:
तुमचा म्हणणा ऐकाक बरा वाटता, पण राबणारी माणसं कोण ते बघा. आमच्याकडे रात्रभर नारळ खवणाऱ्या बायका घरच्या, चुलवणावर उभे राहणारे पोरगे घरचे. एकदा असंच झालं, तेव्हा त्या बायकांना जबाब द्यायला बसवलं. त्यातल्या दोघी पुन्हा स्वयंपाकाला आल्या नाहीत. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो लागू होतो. त्यात इजा झाली तर भरपाईचं कलम आहे. तुमचा डबा उद्या आमच्याच विरुद्ध पुरावा होणार. मग लोक टोप धुणार नाहीत तर काय करणार?

आरोग्यसेविका:
साथीच्या गावात घरोघर फिरण्याचं काम मी करते, म्हणून लिहिते. आम्ही गुन्हेगार शोधायला येत नाही. आमचे प्रश्न दोनच: काय खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता झाली? जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर विष बहुधा अन्नातच तयार झालेलं असतं. ते करणारे जिवाणू म्हणजे हाताच्या जखमेतून आलेला स्टॅफिलोकोकस किंवा भातातला बॅसिलस सेरियस. या दुसऱ्याचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. पहाटे रांधलेला भात मोठ्या टोपात दुपारपर्यंत कोमट राहिला की ते वाढतात, आणि उलटी करणारं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. ताप येऊन दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर साल्मोनेला या जिवाणूचा संशय घ्यावा लागतो.

एका घरात सगळे आजारी, फक्त आजी ठणठणीत. तिनं भात घेतलाच नव्हता, खीर तेवढी खाल्ली होती. अशी उत्तरं घराघरातून जुळली की बोट एका टोपावर येतं. म्हणून जे आजारी पडले नाहीत त्यांनीही बोलायला हवं. नमुना असला तर तेच प्रयोगशाळेत पक्कं होतं. बायकांना जबाबाला बसवणं मलाही पटत नाही, पण त्यावर उपाय टोप धुणं नव्हे.

बंदरावरून:
हे सगळं महाप्रसादावरच का? बांगडा, सुरमई, कुपा बर्फाशिवाय उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, डोकं ठणकतं, धडधडतं. लोक ॲलर्जी समजून गोळी घेतात आणि मासा कुठून आला ते कोणी विचारत नाही. कळवण्याची सवय मासळीपासून लावा.

बारापाच_मानकरी:
ताई, तुमच्यासारखी चौकशी झाली असती तर भांडण नव्हतंच. पण संध्याकाळी उपकेंद्राला कुलूप असतं, त्याचं काय? 108 ची गाडी घाटीच्या रस्त्यानं येईपर्यंत म्हातारं माणूस सुकून जातं. आधी ते सुधारा, मग आम्हाला ठराव सांगा.

सड्यावरचा:
कुलपाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, त्यासाठी ग्रामसभेत मीही उभा राहीन. पण गाडी येईपर्यंत वाडीत ओआरएस हवं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक पूर्ण पाकीट, उलटी झाली तरी चमच्या-चमच्यानं. आमच्याकडे सलाईन लागल्याशिवाय बरं वाटत नाही अशी समजूत आहे, त्यापायी पहिले तास फुकट जातात.

आरोग्यसेविका:
आणखी एक. त्या रात्री बरेच जण बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे जातात, इंजेक्शन घेऊन घरी येतात आणि आमच्या यादीत येतच नाहीत. डॉक्टरांना विषबाधा कळवणं सक्तीचं करता येईल असं कलम 35 त्याच कायद्यात आहे. ग्रामसभेत उभे राहणार असाल तर तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी तेही मागा.

बारापाच_मानकरी:
ते मागू. डब्याचं मात्र मी आत्ताच हो म्हणणार नाही. तो कोणाच्या ताब्यात राहणार आणि प्रयोगशाळेशिवाय कोणाला देणार नाही, हे समितीनं आधी लिहून द्यावं.