पुण्यातलं एफएम स्टेशन विकत घेता येतं का?

कर्वेरोडवाला: एका स्टेशनची मालकी बदलणार असं कानावर येतंय. नुसती फ्रिक्वेन्सी विकता येते का? विद्यापीठाच्या विद्यावाणीसारखं स्टेशन घेता येईल का?

बँडविड्थ: फ्रिक्वेन्सी नाहीच. परवानगी कंपनीच्या नावावर, १५ वर्षांसाठी असते आणि ती हस्तांतरित होत नाही. म्हणून व्यवहार शेअर्सचा होतो, तोही माहिती व प्रसारण मंत्रालयाची मंजुरी आधी घेऊन. २०१५ मध्ये जागरण प्रकाशनने रेडिओ सिटी घेतलं, तेव्हाही मूळ कंपनीच विकत घेतली होती. परदेशी भांडवल जास्तीत जास्त ४९ टक्के. शिवाय एका शहरातल्या एकूण वाहिन्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एका मालकाकडे चालत नाहीत. पुण्यात आधीच स्टेशन असलेल्या गिऱ्हाईकाने हे गणित आधी करावं.

जमाखर्च: किंमत ठरवताना परवानगीची किती वर्षं उरलीत ते बघा, श्रोत्यांचे आकडे नंतर. वार्षिक शुल्क एकूण महसुलाच्या ४ टक्के, किंवा लिलावातल्या एकरकमी प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांपैकी जे जास्त ते. म्हणजे जाहिराती आटल्या तरी हा दुसरा आकडा सुटत नाही. टॉवरचं भाडं, बँक गॅरंटी आणि गाण्यांच्या रॉयल्टीची थकबाकी कागदोपत्री तपासा; सौदे बहुधा तिथेच अडतात. ब्रँडचं नाव वेगळ्या कंपनीकडे असेल तर त्याचा करार वेगळा.

बँडविड्थ: विद्यावाणी विसरा. कम्युनिटी रेडिओ ना-नफा संस्थांसाठीच असतो, विकायचा प्रश्नच येत नाही.