महापालिका २९, पण पोटासाठी वाट पुण्या-मुंबईचीच का?

चाटीगल्ली:
मी सोलापूरचा, गेली चौदा वर्षं पुण्यात. १९६१ च्या जनगणनेत मुंबई, नागपूर, पुणे यांच्यानंतर राज्यात सोलापूरचा नंबर होता. गिरण्या गेल्या. चादरी-टॉवेलचे माग आहेत, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत, पण इंजिनिअर झालेल्या पोराला तिथे काम नाही. माझ्या वर्गातले निम्मे आता फक्त सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला भेटतात.

राज्याचा नकाशा समोर घेऊन बसलो. आज २९ महापालिका. त्यातल्या ९ एकट्या मुंबई महानगर प्रदेशात: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवड धरले की ११. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मिळून एकही नाही. २०११ सालीच राज्यातली ४५ टक्के माणसं शहरी होती, पण ती साचली आहेत एका कोपऱ्यात. माझं म्हणणं सरळ आहे. सरकारने पुढची दहा वर्षं नवीन कचेऱ्या, संस्था आणि उद्योगांच्या सवलती या पट्ट्याबाहेरच द्याव्यात.

मुळाकाठ:
तळमळ समजते, उपाय पटत नाही. मी कंपनीसाठी माणसं निवडतो. आज नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. एकाची सुटली तर दुसरी त्याच शहरात मिळावी, बिऱ्हाड हलवायला लागू नये, एवढंच त्यांना हवं असतं. लहान शहरात एक कंपनी बंद पडली की घरच बसतं. सवलतीसाठी गेलेली कंपनी सवलत संपली की निघते. पुणं कुणी वाटून दिलेलं नाही, ते वाढलं.

वाळूजकर:
मुळाकाठ, शेवटचं वाक्य मान्य नाही. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा औषध कारखाना सरकारी, लष्कराचे कारखाने सरकारी, आणि हिंजवडीच्या आयटी पार्कची जमीनसुद्धा एमआयडीसीची. पुण्याला भरपूर दिलं गेलं, म्हणून ते वाढलं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरकडे बघा. ऐंशीच्या दशकात बजाजचा कारखाना वाळूजला आला. माझे वडील गंगापूर तालुक्यातून सायकलवर कामाला जायचे. त्या एका कारखान्यामागे सुटे भाग करणारी किती वर्कशॉप उभी राहिली! आज छत्रपती संभाजीनगरला दोघांनाही नोकरी मिळते. सुरुवात कुणीतरी ठरवून केली होती.

सायझिंग:
मी इचलकरंजीचा. सगळे सरकारकडेच का बघताय? आमचं गाव तालुक्याचं ठिकाणसुद्धा नाही, तालुका हातकणंगले. तरी यंत्रमागाच्या जोरावर २०२२ ला महापालिका झाली. जालन्याने स्टील आणि बियाण्यांवर नाव काढलं, तेही २०२३ ला महापालिका झालं. ज्या गावाला स्वतःचा धंदा आहे ते गाव टिकतं. सोलापूरकरांनी गिरण्यांचं दुःख फार दिवस धरलं, असं मला मनापासून वाटतं.

चाटीगल्ली:
दुःख धरलं नाही हो. आजही माग चालू आहेत. पण सायझिंग, मागावर बसलेल्या माणसाचा पोरगा शिकला की तुमच्याकडे तरी त्याला काय मिळतं?

सायझिंग:
खरं सांगायचं तर माझाच मुलगा पुण्यात बाणेरला आहे.

मांजरा:
आधी पाण्याचं बोला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर जगवावं लागलं. असं शहर कुठल्या तोंडाने कारखान्याला बोलवणार? शिक्षणात लातूरने नाव कमावलं, अख्ख्या मराठवाड्यातून पोरं शिकवणीला येतात. दोन वर्षं खोली भाड्याने घेतात, मेस लावतात, आणि बारावी झाली की पुढे जातात. शिकायला लातूर, नोकरीला पुणे. आम्ही घडवतो आणि पाठवतो.

सीताबर्डी:
नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. आता वाट्याला हिवाळी अधिवेशनाचे काही दिवस. चाटीगल्लींना पूर्ण पाठिंबा.

मुळाकाठ:
वाळूजचा मुद्दा मान्य, तिथे मी चुकलो. पण ते जमलं कारण पाणी होतं, जमीन होती आणि मोठा कारखानदार यायला तयार होता. २९ ठिकाणी थोडं-थोडं वाटलं तर कुठेच काही उभं राहणार नाही. चार-पाच शहरं निवडा आणि तिथे सगळं लावा.

चाटीगल्ली:
निवडा, हरकत नाही. पण निवडताना मुंबईत बसून निवडू नका. कचेरी हलली की काय होतं ते आम्ही आत्ताच पाहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी. अनेक वर्षं वकील त्यासाठी भांडले. आता आमच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचते.

मांजरा:
छान झालं. पण तुमचा पक्षकार आता मुंबईऐवजी कोल्हापूरला जातो. सोलापुरात काय आलं?