अन्येहो टकीला चाखली, पण अगावे सापडेना

मीठलिंबू:
मंडळी, काल एक अन्येहो, म्हणजे पिंपात मुरवलेली टकीला, उघडली. लेबलवर लिहिलंय, शेवटचे काही महिने बरबनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात ठेवलेली. रंग मधासारखा. वास घेतला तर व्हॅनिला, मागोमाग टॉफी, थोडं सुकं खोबरं. घोटातही तेच. टकीला ज्या घायपातासारख्या झाडापासून बनते, त्या अगावेचा पत्ताच नाही. डोळे बांधून कुणी पाजली असती तर मी बिनधास्त बरबन म्हणालो असतो! इतकी वर्षं टकीला म्हणजे मीठ चाटा, ढोसा, लिंबू चोखा एवढंच केलं. जीभ कच्ची आहे की बाटलीतच गडबड आहे?

जुनं पिंप:
जिभेवर कशाला खापर फोडताय? बरबन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवायची असा अमेरिकेचा कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप त्यांच्या कामाचं उरत नाही, मग ते स्कॉटलंडला जातं, नाहीतर मेक्सिकोला. कितीतरी अन्येहो मुळात अशाच पिंपांत मुरतात. त्यामुळे 'बरबन फिनिश' या शब्दांना मी फारसा भुलत नाही. पिंप किती ताजं होतं ते महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लेबलवर नसतं. अन्येहोला किमान 1 वर्ष आणि जास्तीत जास्त 600 लिटरचं पिंप असा नियम. बरबनचं पिंप जेमतेम 200 लिटरचं. पिंप लहान, की लाकूड जास्त बोलणार.

आता एक करा. शॉटग्लास ठेवून द्या, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. ओतल्यावर वीस मिनिटं हात लावू नका. शेजारी दुसऱ्या ग्लासात थोडी ब्लँको, म्हणजे न मुरवलेली टकीला, ओता आणि आधी तिचा वास घ्या. भाजलेलं रताळं, ओली माती, मिरी असं काही आलं ना, तोच अगावे. तो नाकात बसला की मग अन्येहोकडे वळा. घोट लहान घ्या, तोंडभर फिरवा, आणि गिळल्यावर लगेच पाणी पिऊ नका.

कोरडा घसा:
वीस मिनिटं? आमच्याकडे बाटली तेवढी टिकत नाही.

कडूगोड:
सगळी व्हॅनिला पिंपातूनच आली असेल असं नाही हं. कॅरमेल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक, हे सगळं मिळून वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत घालायला मेक्सिकोचे नियम परवानगी देतात. '100 टक्के अगावे' लिहिलेल्या अन्येहोतही. माझा आपला घरगुती उपाय: रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवायचा. सकाळी केकचं दुकान उघडल्यासारखा वास आला तर मी ती बाटली पुन्हा घेत नाही. प्रयोगशाळेत टिकणार नाही हे, माझ्यापुरतं आहे.

मीठलिंबू:
केलं सगळं. ब्लँकोनंतर परत आलो तेव्हा पहिला वास व्हॅनिलाचाच, पण गिळल्यावर जिभेच्या कडांना मिरीची चुणचुण! काल ती मी पाण्याने धुऊन टाकत होतो. सकाळी ग्लास हुंगला: ओलं लाकूड, आणि तळाशी जरासं रताळं. केक नाही.