मदत हवी आहे: टेक्सासमधील बास मासेमारीसाठी रीळ आणि नाव कोणती घ्यावी?

नमस्कार. मी इंदूरचा. गंभीर नदीच्या काठी कणकेचा गोळा लावून रोहू धरण्याची मला जुनी सवय आहे. परंतु येत्या मार्चमध्ये टेक्सासमधील लेक फोर्क तलावावर मुलाबरोबर लार्जमाउथ बास धरण्याचा योग असून त्या विद्येत मी अगदीच नवखा आहे.

मागील भेटीत मुलाने बेटकास्टिंग रीळ (आमिष फेकताना ज्याची दोऱ्याची फिरकी स्वतः फिरते असे) हाती दिले, तेव्हा दर दोन-तीन फेकींनंतर तंगुसाच्या दोऱ्याचा रिळावर असा गुंता होई, की शेवटी कात्रीच लावावी लागे. आमिष पाण्याला टेकताना अंगठ्याने रीळ थांबवायचे हे डोक्याला कळते, अंगठ्याला नाही. फिरकीचा वेग रोखणारा ब्रेक घट्ट ठेवून सराव करावा, की सरळ स्पिनिंग रीळ (फेकताना ज्याची फिरकी स्थिर राहते असे) घ्यावे?

तेथे पाण्यात बुडालेली झाडे पुष्कळ आहेत. टेक्सास रिग या गळ-आमिषाच्या मांडणीत गळाचे टोक रबरी किड्यात लपलेले असल्याने तो फांद्यांत सहसा अडकत नाही, हे पटले; मात्र शिसे किती वजनाचे लावावे, आणि तरंगाच नसेल तर माशाची ओढ बोटांना ओळखू यावी कशी?

मार्चच्या सुमारास बास अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येत असल्याने मोटरबोटीपेक्षा काठाने आवाज न करता सरकणारी कयाक (वल्ह्याने चालणारी अरुंद छोटी होडी) पुरेल, असा माझा अंदाज आहे. वारा सुटल्यास ती एका जागी कशी धरावी?

16 ते 24 इंच लांबीमधील बास तेथे परत सोडावा लागतो, म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवावा काय, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.